अठ्ठ्याण्णव टक्के आत, दोन टक्के बाहेर

"पोटॅशियम वाढलंय" असं डॉक्टरांनी सांगितलं की आपल्या घरांतून दोनच आरोपी पकडले जातात : एक केळं आणि दुसरी किडनी. केळी बंद होतात, शहाळ्याच्या पाण्याचे खोके बेसमेंटमध्ये जातात आणि 'आता किडनी गेली वाटतं' म्हणून भारतात फोन सुरू होतात. आरोप खोटा आहे असं नाही. शरीरातलं जादा पोटॅशियम कायमचं बाहेर टाकायचं काम नव्वद टक्के मूत्रपिंडंच करतात. पण हिशेब तिथे संपत नाही. केळ्याला हात न लावता, दिवसभर कडकडीत उपास करूनही पोटॅशियम वाढू शकतं. आणि लघवीवाटे थेंबभरही जास्त न जाता ते तासाभरात खालीही येऊ शकतं. हे कसं, ते समजून घ्यायचा आम्ही गेलं वर्षभर प्रयत्न करतो आहोत. निमित्त घरचंच : दर उन्हाळ्यात इकडे टोरांटोला मुक्कामाला येणारी वडीलधारी मंडळी, त्यांच्या औषधांच्या डब्या आणि त्यांचे रिपोर्ट.

आम्ही डॉक्टर नव्हे. पाणी शुद्धीकरण केंद्रांच्या नियंत्रण यंत्रणांवर काम करणारे इंजिनिअर. त्यामुळे कुठलाही प्रश्न आला की आम्हांला आधी आत किती आलं, बाहेर किती गेलं आणि टाकीत किती उरलं, हे मांडून बघायची खोड आहे. पोटॅशियमच्या बाबतीत ही मांडणी फार गमतीदार निघते.

सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण ३५०० मिलिमोल पोटॅशियम असतं. (मिलिमोल हा शब्द कॉलेजनंतर भेटला नसेल तर एवढंच लक्षात ठेवा, की एक मिलिमोल पोटॅशियम म्हणजे ३९ मिलिग्रॅम. मध्यम केळ्यात सुमारे ११ मिलिमोल, पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात १५, सालासकट भाजलेल्या मध्यम बटाट्यात वीस-बावीस.) या ३५०० पैकी ९८ टक्के पेशींच्या आत, आणि त्यातही बहुतेक स्नायूंमध्ये. रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मिळून उरतं जेमतेम ६०-६५ मिलिमोल. लॅबवाले मोजतात ते या बाहेरच्या दोन टक्क्यांचं प्रमाण, लिटरला ३.५ ते ५. आतल्या साठ्याचा आकडा रिपोर्टमध्ये कुठेच नसतो. म्हणजे गल्ल्यातली चिल्लर मोजून गोदामात माल किती ते सांगण्यातला हा प्रकार!

आता रविवारचं जेवण घ्या. बटाट्याची भाजी, आमटी, टोमॅटोची कोशिंबीर, वर केळ्याचं शिकरण. सहज ४० मिलिमोल पोटात गेले. पेशींबाहेरचा द्रव सुमारे १४ लिटर. हे सगळं पोटॅशियम तिथेच राहिलं असतं तर ४.२ चा आकडा ७ वर गेला असता, आणि ७ ला हृदयाची लय केव्हा बिघडेल याचा नेम नसतो. मूत्रपिंडं काही इतकी चपळ नाहीत. एकदम आलेल्या पोटॅशियमपैकी चार-सहा तासांत ती साधारण निम्मंच बाहेर काढतात. तरीही आपण जेवून वामकुक्षी घेतो आणि चारला चहाला ठणठणीत उठतो. कारण जेवणातलं बरंचसं पोटॅशियम आधी स्नायूंत आणि यकृतात शिरून बसतं, आणि मग मूत्रपिंडं सवडीने ते काढत राहतात.

कोयनेच्या जुन्या टप्प्यांची रचना ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिथला सर्ज टँक आठवेल. खाली टर्बाइन एकदम बंद केली की बोगद्यातून वेगाने येणाऱ्या पाण्याचा लोंढा जायचा कुठे? तो त्या उभ्या टाकीत चढतो, आणि बोगदा फुटत नाही. आपले स्नायू म्हणजे पोटॅशियमची अशी टाकी. फरक एवढाच, की कोयनेतलं पाणी आपोआप चढतं, इथे मात्र झडपा उघडाव्या लागतात, आणि त्या उघडण्याचे हुकूम हार्मोन्स देतात.

एवढा आटापिटा कशासाठी? तर विजेसाठी. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला सुमारे १४०, बाहेर ४. या पस्तीसपट फरकातून पेशीच्या पातळ भिंतीवर उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. त्यावर आपल्या नसा निरोप पाठवतात, स्नायू आखडतात आणि हृदय ठोके देतं. बाहेरचा आकडा ४ चा ८ झाला की गणिताने हा दाब जवळजवळ १९ मिलिव्होल्टने ढासळतो. आतला आकडा १४० चा १४४ झाला तर मात्र कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून शरीर बाहेरच्या दोन टक्क्यांना इतकं जपतं.

हा फरक टिकवणारा पंप पेशीच्या भिंतीतच बसवलेला असतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असं त्याचं अहोरात्र चाललेलं असतं. डेन्मार्कमध्ये आरहूस विद्यापीठात येन्स स्काउ यांनी खेकड्यांच्या नसांवर काम करताना तो शोधला आणि १९५७ साली निबंध छापला. त्याबद्दलचं नोबेल मिळालं १९९७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. खेकड्यांच्या नांग्यांचा इतका सदुपयोग कोकणातही कुणी केला नसेल. आपण पुढे पाहणार आहोत ती बहुतेक हार्मोन्स शेवटी येऊन याच पंपाला पाय लावतात.

पहिलं इन्सुलिन. टोरांटोकरांच्या हे अगदी घरचं. इथल्या विद्यापीठात १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. हा इतिहास मुलांच्या शाळेच्या पुस्तकातही असतो. त्यानंतर दोनतीन वर्षांतच संशोधकांच्या लक्षात आलं, की इन्सुलिन टोचल्यावर रक्तातली साखर उतरते, तसं पोटॅशियमही उतरतं. ही गोष्ट मात्र साखरेच्या गाजावाजात मागे पडली. आजही दहा मधुमेह्यांना विचारलं तर नऊ जण इन्सुलिनचं काम साखर उतरवणं एवढंच सांगतील.

आम्हांला यातली रचना फार आवडली. जेवणातून साखर आणि पोटॅशियम बरोबरच येतात, तेव्हा दोघांनाही आत घेण्याचा हुकूम एकाच हाताने सुटावा, हे कुठल्याही चांगल्या डिझायनरला शोभेल असं आहे. आणि त्याहून नामी म्हणजे, हुकूम एक असला तरी आतले रस्ते दोन आहेत. प्रौढपणी जडणाऱ्या, टाइप टू मधुमेहात शरीर इन्सुलिनचं साखरेबद्दलचं म्हणणं ऐकेनासं होतं, पण पोटॅशियमबद्दलचं बहुधा ऐकत राहतं. म्हणून साखर २५० असूनही अशा माणसाचं पोटॅशियम बरेचदा ठीक असतं. पंचाईत होते ती इन्सुलिनच संपत आल्यावर. मग साखरही बाहेर आणि पोटॅशियमही बाहेर. शिवाय ती साचलेली साखर पेशींतलं पाणी ओढून घेते आणि पाण्याबरोबर आणखी पोटॅशियम बाहेर येतं.

याचं टोक म्हणजे मधुमेहातला कीटोअ‍ॅसिडोसिस. इन्सुलिन चुकलेला, उलट्या होत असलेला रुग्ण इमर्जन्सीत येतो. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.५. घरच्यांना वाटतं, हे तर जास्तच आहे. प्रत्यक्षात लघवीवाटे इतके दिवस इतकं वाहून गेलेलं असतं की शरीराच्या एकूण साठ्यात दोन-तीनशे मिलिमोलची तूट असते. गोदाम रिकामं आणि गल्ला भरलेला. इन्सुलिनची धार लागली की बाहेरचं पोटॅशियम झपाट्याने आत पळतं आणि आकडा कोसळतो. म्हणून तिथले डॉक्टर आकडा ठीक दिसत असतानाही सलाइनमध्ये पोटॅशियम घालायला लागतात, आणि तो मुळातच साडेतीनच्या खाली असेल तर आधी पोटॅशियम देऊन मगच इन्सुलिन सुरू करतात. घरच्या कुणावर ही वेळ आली आणि 'जास्त आहे म्हणता आणि वर आणखी देता?' असा प्रश्न मनात आला, तर उत्तर हे आहे.

याच गुणाचा उलटा उपयोगही होतो. पोटॅशियम ६.५-७ झालेल्या रुग्णाला इन्सुलिनचे दहा युनिट आणि साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज शिरेतून देतात. पंधरावीस मिनिटांत आकडा उतरायला लागतो. पण शरीरातून एक मिलिमोलही गेलेलं नसतं, नुसती जागा बदललेली असते. चार-सहा तासांनी तो माल परत बाहेर येणार. तेवढ्या वेळात डायलिसिस, लघवीचं औषध किंवा आतड्यात पोटॅशियम धरून ठेवणारी पावडर, असा काहीतरी खरा बंदोबस्त करून घ्यायचा असतो.

आता तो उपासाचा मुद्दा. आमच्या परिचयातले एक काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. माणूस शिस्तीचा. बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून मगच भाजी करायची हे काकूंना त्यांनीच शिकवलेलं. (नुसता भिजत ठेवून फारसं काही निघत नाही, उकळल्यावर निम्म्याच्या आसपास तरी जातं.) एका आषाढीला त्यांनी निर्जळी एकादशी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसच्या आधीच्या रक्तात पोटॅशियम नेहमीपेक्षा चांगलंच जास्त. घरात चौकशी समिती बसली.

"बाबा, खरं सांगा, रताळी खाल्लीत ना?"

"अरे, पाण्याचा थेंब घेतला नाही रे मी!"

काका खरंच बोलत होते. त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांनी उलगडा केला : न खाणं हेच कारण. दिवसभर पोटात काही नाही म्हणजे इन्सुलिन तळाला. झडप सैल पडते आणि पेशींतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर पाझरतं. तुमच्याआमच्या बाबतीत मूत्रपिंडं ते गुपचूप काढून टाकतात म्हणून कळत नाही. काकांकडे ती सोय नाही. शस्त्रक्रियेआधी रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या डायलिसिसच्या रुग्णांत हेच होतं, म्हणून त्यांना ग्लुकोजची धार लावून ठेवतात, आणि मधुमेह असेल तर जोडीला इन्सुलिनही. देवाधर्माच्या भानगडीत आम्ही पडत नाही. पण डायलिसिसवरच्या माणसाला कडक उपासही सोसत नाही आणि साबुदाणा-दाणे-बटाटा-रताळी-केळी असा आपला भरपेट उपासही सोसत नाही, हे त्याच्या घरच्यांना माहीत असलेलं बरं. काका आता एकादशीला डायलिसिसच्या डाएटिशियनने आखून दिलेलं मोजकं दर काही तासांनी घेतात आणि विठ्ठलाची त्याबद्दल काही तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं हार्मोन अ‍ॅड्रिनलिन. स्नायू काम करतात तेव्हा प्रत्येक आखडण्याबरोबर थोडं पोटॅशियम बाहेर सांडतं. जिवाच्या आकांताने पळणाऱ्याच्या रक्तात ते क्षणभर ७-८ पर्यंतही चढतं. हा आकडा आडव्या पडलेल्या रुग्णाचा असता तर धावपळ उडाली असती. पळणाऱ्याचा बचाव होतो तो त्याच वेळी वाहणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनमुळे. ते स्नायूंवरच्या बीटा-टू नावाच्या कळा दाबून पंपाला वेग देतं. थांबल्यावर दोनचार मिनिटांत आकडा मूळपदावर, कधी त्याच्याही खाली येतो.

ही कळ दाबणारं औषध आपल्या बऱ्याच घरांत असतं. भारतातलं अस्थालिन आणि इथलं व्हेंटोलिन ही दोन्ही नावं सालब्युटामॉलचीच. दम्यासाठी पंपाचे दोन झुरके घेतले तर विशेष काही होत नाही, पण हॉस्पिटलात नेब्युलायझरवर मोठे डोस मिळाले की हात थरथरतात, छाती धडधडते आणि पोटॅशियमही उतरतं. उलट बाजूला प्रोप्रॅनोलॉलसारखी जुनी बीटा-ब्लॉकर औषधं. अर्धशिशीसाठी, हातांच्या कंपासाठी ती अजून देतात. ती हीच कळ झाकून ठेवतात. धडधाकट माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. मधुमेहाने इन्सुलिन आटलेलं आणि किडनीही मंदावलेली असेल तर मात्र हा तिसरा आधार काढून घेणं महागात पडू शकतं.

तिसरं अल्डोस्टेरोन. सिल्व्हिया आणि जेम्स टेट या लंडनच्या जोडप्याने सहकाऱ्यांसह १९५३ साली ते वेगळं केलं. मूत्रपिंडाला 'सोडियम ठेव, पोटॅशियम सोड' असं सांगणारं हार्मोन म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण त्याचा हुकूम घामाच्या ग्रंथी, लाळेच्या ग्रंथी आणि मोठं आतडं यांवरही चालतो. याचा पुरावा मिळाला तो आपल्या शेजारी, मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला. जेरोम कॉन हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, उष्ण प्रदेशात गेलेल्या सैनिकांना ऊन सोसायची सवय कशी होते ते अभ्यासत होते. काही दिवसांत सैनिकांच्या घामातलं मीठ कमी होतं, आणि त्यामागे अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा हात असावा असं त्यांना दिसलं. पुढे १९५४ साली त्यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली. वर्षानुवर्षं स्नायूंची कमजोरी, पाय लुळे पडल्यासारखे होण्याचे झटके, रक्तदाब चढलेला, पोटॅशियम फारच कमी. कॉन यांनी तिचा घाम तपासला. घामात सोडियम नगण्य. घामाच्या त्या जुन्या अभ्यासावरून त्यांनी ओळखलं, की कुठेतरी या जातीचं हार्मोन बेसुमार तयार होतंय. शस्त्रक्रियेत अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर गाठ सापडली, ती काढली आणि बाई बरी झाली. या रोगाला आज कॉनचंच नाव आहे.

आपल्या ज्येष्ठांच्या दृष्टीने महत्त्वाचं ते मोठं आतडं. एरवी पोटॅशियमचा दहावा हिस्सादेखील त्या वाटेने जात नाही. पण मूत्रपिंडं निकामी होत गेली की आतडं स्वतःचं काम वाढवतं आणि हा वाटा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून किडनीच्या रुग्णाला बद्धकोष्ठ होऊ देऊ नका असं डॉक्टर बजावतात. इथली थंडी, कमी चालणं, मोजून पाणी, यांत ते चटकन होतं आणि संकोचापायी आपली माणसं बोलत नाहीत.

रक्तदाबासाठी भारतातून येणाऱ्या डबीत बहुधा टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल असतं. 'सार्टन' आणि 'प्रिल' अशा शेपटाच्या गोळ्या अल्डोस्टेरोनचा हुकूम सौम्य करतात, स्पायरोनोलॅक्टोन तर तो सरळ अडवतं. औषधं उत्तम आहेत, किडनी आणि हृदय दोन्ही राखतात. कुणी परस्पर बंद करू नयेत. फक्त त्यांच्या जोडीला स्वयंपाकघरात काय येतंय ते बघावं. सुपरमार्केटमध्ये 'सोडियम नसलेलं मीठ' म्हणून जी डबी मिळते, ती म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पाव चमच्यात ६०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम, म्हणजे दीड केळं. सासूबाईंचा रक्तदाब जास्त म्हणून मोठ्या प्रेमाने आमटीत हे मीठ आणि सकाळी 'मिठाची' गोळी टेल्मिसार्टन, वर मधुमेह. किडनी थोडीशीच मंद असली तरी ही बेरीज धोक्याची होते. कुणाला हे मीठ चालतं आणि कुणाला नाही, ते डबी आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

रिपोर्टबद्दलही एक-दोन गोष्टी. भारतातली साखर मिलिग्रॅममध्ये आणि कॅनडातली मिलिमोलमध्ये, त्यामुळे तिकडची १८० इकडे १० होते आणि म्हातारी माणसं उगाच सुखावतात. पोटॅशियमला ही अडचण नाही. भारतात मिलिइक्विव्हॅलंट लिहितात आणि इथे मिलिमोल, पण आकडा तोच. दुसरं, रक्त काढताना मूठ फार वेळ आवळली किंवा बाटलीत तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन खोटाच मोठा आकडा दिसतो. आमच्या धंद्यात याला सेन्सरची चूक म्हणतात. म्हणून अचानक वाढलेला आकडा आला तर डॉक्टर कधीकधी लगेच दुसरा नमुना मागतात. तेवढ्यासाठी लॅबवाल्यांशी भांडू नये, पण जायला उशीरही करू नये.

थायरॉइडचं हार्मोन या सगळ्यांत दूरचं, पण एक प्रकार आपल्याकडच्या तरुणांनी ऐकून ठेवावा असा आहे. थायरॉइड वाढलेल्या काही जणांत, त्यातही आशियाई वंशाच्या विशीतिशीतल्या पुरुषांत जास्त, एक विचित्र झटका येतो. संध्याकाळी दमेपर्यंत खेळून, रात्री भात-गोड भरपेट जेवून माणूस झोपतो आणि पहाटे उठायला जातो तर पाय हलत नाहीत. वाढलेल्या थायरॉइडने पंपांना आधीच चढवून ठेवलेलं असतं. त्यात जेवणानंतरचं इन्सुलिन आलं की बाहेरचं पोटॅशियम धडाधड आत शिरतं आणि आकडा २ पर्यंतही उतरतो. शरीरातून काहीच गेलेलं नसतं. हॉस्पिटलात पोटॅशियम देतात, पण हात राखून, आणि हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून. कारण काही तासांनी झटका ओसरला की आत दडलेलं सगळं आपणहून बाहेर येतं, आणि सकाळी ज्याला पोटॅशियम कमी म्हणून आणलं, त्यालाच दुपारी जास्त झालेलं असू शकतं.